साडेतीन आण्यांचा तिरंगा

नाशिकचे नाव काढले की बाहेरगावच्या माणसाला रामकुंड आठवते, सिंहस्थ आठवतो, द्राक्षे आठवतात आणि माणूस खवय्या असेल तर चिवडाही आठवतो. नाशिकरोड स्टेशनावर उतरणाऱ्याला मात्र आणखी एक गोष्ट ठाऊक असते, ती म्हणजे 'प्रेस'. इकडे एखाद्या घरी "आमचे हे प्रेसमध्ये होते" असे सांगितले की ते वर्तमानपत्रात होते असा अर्थ कोणी घेत नाही. प्रेस म्हणजे नोटांचा आणि तिकिटांचा सरकारी छापखाना. नोटांचे कौतुक सर्वांनाच असते आणि ते साहजिकही आहे. तिकिटांकडे सहसा कोणी वळून पाहत नाही. प्रस्तुत लेखात मी त्या छापखान्यातून बाहेर पडलेल्या एकाच तिकिटाविषयी लिहिणार आहे. ते एक तिकीट नीट समजून घ्यायचे तर १९४७ ते १९४९ या दोन वर्षांचा इतिहास चाळावा लागतो आणि तो चाळताना आपल्या काही ठाम समजुतींना थोडा धक्काही बसतो.

तिकीट आडवे आहे. त्यावर फडकणारा तिरंगा आहे, मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर अशोकचक्र आहे. वरच्या अंगाला नागरी लिपीत 'जय हिंद' असे शब्द आहेत. देशाचे नाव व 'पोस्टेज' हा शब्द इंग्रजीत आहे. किंमत साडेतीन आणे, आणि तारीख १५ ऑगस्ट १९४७. स्वतंत्र भारताचे हे पहिले टपाल तिकीट होय आणि ते आपल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले गेले.

या छापलेल्या तारखेमुळे एक घोटाळा नेहमी होतो. दर वर्षी ऑगस्ट महिन्यात भित्तिपत्रकांतून आणि भाषणांतून आपण ऐकतो की स्वातंत्र्याच्या दिवशीच देशभरातल्या पत्रांवर तिरंगा झळकू लागला. चित्र मोठे सुंदर आहे, परंतु खरे नाही. हे तिकीट विक्रीस आले २१ नोव्हेंबर १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यानंतर बरोबर चौदा आठवड्यांनी. तोवर, आणि त्यानंतरही बराच काळ, आपल्या आजोबा-पणजोबांच्या पत्रांवर कोण होते? सहावे जॉर्ज होते. इंग्लंडचे राजे. डोक्यावर मुकुट, बाजूने काढलेला चेहरा आणि खाली काळा शिक्का.

हे समजण्यासाठी तिकिटांच्या दोन जाती ध्यानात घ्याव्या लागतात. एक जात नित्याच्या तिकिटांची. इंग्रजीत त्यांना 'डेफिनिटिव्ह' म्हणतात. ही वर्षानुवर्षे छापली जातात, साठा संपला की पुन्हा छापली जातात, पैशापासून कित्येक रुपयांपर्यंत सर्व किमतींची असतात आणि खेड्यातल्या लहानशा पोस्टातही मिळतात. दुसरी जात स्मारक किंवा प्रासंगिक तिकिटांची. एखादी घटना, एखादी जयंती, एखादी पुण्यतिथी यांच्या निमित्ताने ती ठरावीक संख्येने निघतात आणि संपली की संपली. घरच्या भाषेत सांगायचे तर स्मारक तिकीट हा सणाचा पोशाख आणि नित्याचे तिकीट हा रोजचा सदरा. संग्राहकांचे अल्बम सणाच्या पोशाखांनी भरलेले असतात. पण एखाद्या घराची खरी स्थिती त्याच्या रोजच्या सदऱ्यावरून कळते, असे मला वाटते आणि म्हणूनच मला प्रश्न पडला तो रोजच्या तिकिटाचा. ध्वजाचे तिकीट निघाले हे खरे; पण ते रोजचे होते काय?

उत्तर शोधण्यापूर्वी छापखान्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. आपल्या देशात तिकिटे आली ती १८५२ साली सिंधमध्ये. सबंध देशासाठी १८५४ साली निघालेली तिकिटे कलकत्त्यास दगडी छापाने छापली होती. पुढच्याच वर्षापासून हे काम लंडनच्या डी ला रू या कंपनीकडे गेले आणि सुमारे सत्तर वर्षे हिंदुस्थानची तिकिटे बोटीने येत राहिली. आपल्याच देशात पत्र धाडायचे आणि त्यावरचा चिटोरा सातासमुद्रापलीकडून आणायचा! १९२४ साली नाशिकरोडला छापखाना उभारण्यास सुरुवात झाली आणि १९२६ पासून पाचव्या जॉर्जची नित्याची तिकिटे येथे छापलेली दिसतात. शेजारीच १९२८ साली नोटांचा छापखाना आला. मुंबईहून भुसावळकडे जाणारा हमरस्त्यासारखा लोहमार्ग दारातून जातो आणि मुंबईसारखी दमट हवा येथे नाही. कागद, डिंक आणि शाई या तिघांनाही दमटपणा सोसत नाही. १९२९ ची विमानटपालाची तिकिटे, १९३१ चा नवी दिल्लीच्या उद्घाटनाचा संच ही याच छापखान्याची कामे. आखाती प्रदेशांतल्या बहरीन, कुवेत अशा ठिकाणी वापरायच्या भारतीय तिकिटांवर त्या त्या गावाचे नाव येथेच उठवले जाई. थोडक्यात, १९४७ साल उजाडले तेव्हा नाशिकरोडचे कामगार या धंद्यात वीस वर्षे मुरलेले होते. उशीर झाला तो त्यांना काम येत नव्हते म्हणून नव्हे.

मग का झाला? तारखाच बोलक्या आहेत. आज जो ध्वज आपण पाहतो त्याचे रूप संविधान सभेने मान्य केले २२ जुलै १९४७ रोजी. ठराव जवाहरलाल नेहरूंनी मांडला होता. त्यापूर्वीच्या तिरंग्यावर चरखा होता. त्याच्या जागी सारनाथच्या स्तंभावरील चक्र आले. म्हणजे ध्वज ठरल्यापासून स्वातंत्र्यापर्यंत मध्ये अवघे चोवीस दिवस. एवढ्या अवधीत चित्र काढायचे, मंजूर करून घ्यायचे, त्याच्या पाट्या तयार करायच्या, लाखोंनी ताव छापायचे, त्यांना डिंक आणि भोके पाडून पेट्यांतून देशभर रवाना करायचे, हे होण्यासारखे नव्हतेच. म्हणून स्वातंत्र्याच्या दिवसांत टपाल खात्याने दुसरी युक्ती केली. तिकीट जुनेच राहिले, शिक्का नवा आला. त्या शिक्क्यात 'जय हिंद' हे शब्द होते. राजाच्या चेहऱ्यावर 'जय हिंद'चा शिक्का बसलेली पाकिटे आज संग्राहक मोठ्या हौसेने जपतात. मला स्वतःला ध्वजाच्या तिकिटापेक्षाही ही पाकिटे अधिक बोलकी वाटतात, पण तो विषय वेगळा.

आणखी एक काम त्याच दिवसांत नाशिकरोडला चालले होते आणि त्याची आठवण आपण फारशी ठेवलेली नाही. पाकिस्तानकडे स्वतःचा तिकिटांचा छापखाना नव्हता. १ ऑक्टोबर १९४७ पासून तेथे जी तिकिटे चालू झाली ती सहाव्या जॉर्जचीच भारतीय तिकिटे होती; त्यांच्यावर इंग्रजीत 'पाकिस्तान' हा शब्द उठवलेला होता आणि ती उठवण्याचे मुख्य काम नाशिकला झाले. फाळणीच्या बातम्यांनी वर्तमानपत्रे भरलेली, निर्वासितांनी गाड्या भरलेल्या आणि एकाच छापखान्यात एकीकडे राजाच्या मुखावर 'पाकिस्तान' उठतो आहे, दुसरीकडे तिरंग्याचे तिकीट तयार होत आहे. त्या वेळी तेथे काम करणाऱ्या माणसांच्या मनात काय आले असेल ते लिहून ठेवणारे कोणी भेटते तर फार बरे झाले असते.

येथे एक शंका कोणीही घेईल. पाकिस्तानने जुन्या तिकिटांवर नवे नाव उठवले, १९२२ साली आयर्लंडनेही इंग्रजी तिकिटांवर आपल्या हंगामी सरकारचे नाव उठवले होते. मग आपण तसे का केले नाही? मला यामागचे कारण अगदी साधे दिसते. आपल्याला नाव बदलायचे नव्हते. तिकिटावर आधीपासून 'इंडिया पोस्टेज' होते आणि १५ ऑगस्टनंतरही ते शब्द खरेच राहिले. कायद्यानेही अडचण नव्हती. कारण २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताक होईपर्यंत भारत हे राष्ट्रकुलातले स्वतंत्र 'डोमिनियन' होते आणि सहावे जॉर्ज तांत्रिक अर्थाने त्याचे राजे होते. तिकिटांच्या थप्प्यांच्या थप्प्या पोस्टांत पडून होत्या. त्या जाळण्यापेक्षा खपवणे शहाणपणाचे, असा व्यवहारी हिशेब कोणीतरी केला असणार.

आमच्या घरी आजोबांची एक पत्र्याची पेटी आहे. त्यांच्या थोरल्या भावाने सिन्नरहून धाडलेली कार्डे त्यांनी सुतळीत बांधून ठेवली होती. मागच्या दिवाळीत मी ती तारखांप्रमाणे लावली. मजकूर रोजचाच : बाजरीचा भाव, कोणाचा ताप उतरला, कोणाचे लग्न ठरले. १९४७ चा मजकूर संपून १९४८ लागते, ते वर्ष संपून १९४९ चा पावसाळा येतो आणि प्रत्येक कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात तोच मुकुटधारी राजा छापलेला. एका कार्डाच्या माथ्यावर आजोबांच्या भावाने 'श्री'च्या जागी 'जय हिंद' लिहिले आहे आणि त्याच ओळीत चार बोटांवर राजेसाहेब आहेत. आजीला मी दाखवले तर ती म्हणाली, "अगं, तेव्हा त्याकडं कोण बघत होतं? कार्ड आलं, माणूस खुशाल आहे हे कळलं, झालं." तिचे म्हणणे खरेच आहे. तरीही ध्वजाचे तिकीट त्या सबंध गठ्ठ्यात एकदाही कसे आले नाही हा प्रश्न माझ्या मनातून जाईना.

त्याचे उत्तर किमतीत आहे. साडेतीन आणे ही रक्कम आज आपल्याला कळत नाही म्हणून सांगते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. साडेतीन आणे म्हणजे चौदा पैसे. त्या काळी देशातल्या देशात साध्या पाकिटाला दीड आणा पडे, कार्डाला त्याहून कमी. साडेतीन आण्यांचे तिकीट होते परदेशी जाणाऱ्या साध्या पत्रासाठी. तिरंग्यानंतर तीन आठवड्यांनी, १५ डिसेंबर १९४७ रोजी, आणखी दोन तिकिटे निघाली. एकावर सारनाथचे सिंहशीर्ष होते आणि त्याची किंमत दीड आणा, म्हणजे घरगुती पत्राची. दुसऱ्यावर चार इंजिनांचे विमान होते आणि त्याची किंमत बारा आणे, विमानाने परदेशी जाणाऱ्या पत्रासाठी. दीड, साडेतीन, बारा हे आकडे काही योगायोगाने आलेले नाहीत. जानेवारी १९४६ मध्ये इंग्रज सरकारने युद्धातील विजयाची जी तिकिटे काढली त्यांतही हेच तीन आकडे आहेत आणि १५ ऑगस्ट १९४८ ला गांधीजींची तिकिटे निघाली त्यांतही हेच तीन आहेत, शिवाय एक दहा रुपयांचे. म्हणजे आधी दर ठरलेले होते, चित्रे नंतर वाटली गेली. घरातल्या पत्राला सिंह मिळाले, परदेशच्या पत्राला ध्वज मिळाला.

ही वाटणी मला विचारपूर्वक केलेली वाटते. राजमुद्रा ही सरकारने आपल्या प्रजेला दाखवायची खूण, ध्वज ही देशाने दुसऱ्या देशांना दाखवायची खूण. बोटीवर ध्वज असतो तो समोरून येणाऱ्या बोटीने ओळखावे म्हणून. नवा देश जन्मला आहे ही बातमी लंडन, न्यूयॉर्क, नैरोबीच्या पोस्टमनच्या हाती द्यायची तर ध्वजाइतके चांगले चित्र दुसरे नाही. त्यात 'जय हिंद' हे शब्द नागरीत ठेवले आहेत, ज्यांना ते वाचता येणार नाही त्यांच्यासाठीच निघालेल्या तिकिटावर! यात विसंगती आहे असे कोणी म्हणेल. मला ती आवडते. आपली घोषणा आपण आपल्या अक्षरात लिहिली. देशाचे नाव तेवढे पलीकडच्याला कळेल अशा लिपीत दिले. परंतु याचा परिणाम असा झाला की हे तिकीट देशातल्या सामान्य माणसाच्या हाती फार थोडे पडले. ते देशात वापरायला बंदी नव्हती. पण दीड आण्याच्या पाकिटाला साडेतीन आण्यांचे तिकीट कोण लावणार? बाजरीचा भाव कळवणारे तर नक्कीच नाही.

'जय हिंद' ही घोषणा आझाद हिंद सेनेची, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या चळवळीसाठीही १९४३ साली बर्लिनमध्ये तिकिटे छापली गेली होती आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या किमतीच्या तिकिटावर ध्वज घेतलेले सैनिक होते. ती तिकिटे टपालात कधीच वापरली गेली नाहीत. चार वर्षांनी तीच घोषणा नाशिकला छापली गेली आणि खऱ्या पत्रांवर चिकटून खरोखर समुद्र ओलांडून गेली, हा योग नमूद करण्यासारखा आहे.

ध्वजाचे तिकीट स्मारक ठरले. साठा संपला तसे ते संपले. रोजचा सदरा बदलला तो १५ ऑगस्ट १९४९ रोजी, स्वातंत्र्यानंतर बरोबर दोन वर्षांनी. त्या दिवशी सोळा किमतींची नवी नित्याची मालिका निघाली. त्यात राजा नव्हता आणि ध्वजही नव्हता. त्यात अजिंठ्याचा हत्ती होता, कोणार्कचा घोडा होता, घारापुरीची त्रिमूर्ती, नटराज, सांचीचे तोरण, बुद्धगयेचे मंदिर, विजापूरचा गोल घुमट, अमृतसरचे सुवर्णमंदिर, चितोडचा विजयस्तंभ, ताजमहाल, कुतुबमिनार आणि पालिताण्याचे शत्रुंजय मंदिर होते. तीन पैच्या, म्हणजे सर्वांत स्वस्त तिकिटावर आपला अजिंठा आला. आजोबांच्या गठ्ठ्यात राजाची जागा शेवटी घेतली ती घारापुरीच्या त्रिमूर्तीने. तिचे चित्र असलेले कार्ड १९४९ च्या अखेरीस निघाले. फाळणीला नुकतीच दोन वर्षे झाली होती तोच निघालेल्या या मालिकेत बौद्ध, हिंदू, जैन, शीख, मुसलमान सर्वांची स्थाने शेजारी शेजारी आहेत, हे मला ध्वजाच्या तिकिटाइतकेच महत्त्वाचे वाटते. याच मालिकेतल्या एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ती उलटी छापली गेली होती. हात डावीकडचा उजवीकडे! पुढल्या वर्षी जुलैत सुलट चित्राचे तिकीट काढावे लागले. असो.

पण नित्याच्या तिकिटावर ध्वज का आला नाही? १९५५ च्या पंचवार्षिक योजनेच्या मालिकेत नाही, १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हाच्या मालिकेत भारताचा नकाशा आहे, ध्वज नाही. यावर मी जो विचार केला तो मांडते. पहिले कारण रंगांचे. १९४९ च्या मालिकेत बारा आण्यांपर्यंतची सर्व तिकिटे एकरंगी आहेत आणि रुपयापासून पुढची दुरंगी. म्हणजे जे तिकीट कोट्यवधींनी छापायचे त्याला एकच शाई. एका शाईत त्रिमूर्ती शोभते, नकाशा शोभतो, हत्ती तर शोभतोच. परंतु एका शाईत तिरंगा काढला तर तो तिरंगा राहत नाही. ध्वजाच्या तिकिटाला केशरी, हिरवी आणि निळी अशा तीन शाया लागल्या. पांढऱ्याला शाई नाही, तो पट्टा म्हणजे तिकिटाचा कागदच. त्या कागदात, गंमत अशी की, इंग्रजी अमदानीतलेच ताऱ्यांचे जलचिन्ह आहे. तिकीट उजेडाकडे धरले की दिसते. अशोकशीर्षांचे जलचिन्ह असलेला कागद तिकिटांना १९५८ पासून मिळू लागला.

तीन शायांचे काम काय असते ते मी आमच्या गल्लीतल्या एका काकांना विचारले. ते प्रेसमध्ये ऑफसेट यंत्रावर होते, अर्थात पुष्कळ नंतरच्या काळात.

"काका, तीन रंग म्हणजे तिप्पट काम का हो?"

"तिप्पट नाही गं, दसपट म्हण. प्रत्येक शाईची वेगळी पाटी. तिन्ही एकावर एक तंतोतंत बसल्या पाहिजेत. केसभर सरकलं की केशरी पांढऱ्यात उतरतो आणि चक्र एका बाजूला जातं. कागद हवेनं वाढतो, आवळतो. पावसाळ्यात सकाळी जुळवलेलं दुपारी जुळत नाही."

"मग बिघडलेला ताव फेकून द्यायचा?"

"फेकून? वेडी आहेस काय! एकेक ताव मोजून घेतलेला असतो, मोजून परत द्यायचा. चांगला तेवढाच मोजायचा आणि खराबही तेवढाच मोजायचा."

त्यांचे बोलणे ऐकल्यावर मला १९४७ च्या त्या चौदा आठवड्यांचे नवल उरले नाही. ते सारे पावसाळ्याचे आणि त्यानंतरचे दिवस होते हेही लक्षात आले. गांधीजींची १९४८ ची तिकिटे तर स्वित्झर्लंडच्या कुर्व्हाझिए या छापखान्याकडून करून घ्यावी लागली, कारण छायाचित्राच्या बारीक छटा उमटवणारी फोटोग्रॅव्ह्यूर पद्धत तेव्हा नाशिकला नव्हती. खादीचा पुरस्कार करणाऱ्या महात्म्याचे तिकीट परदेशी छापाचे निघाले, याची टोचणी त्या वेळी अनेकांना लागली असेल. नाशिकला त्या पद्धतीने पहिला संच निघाला तो १९५२ साली, कबीर, तुलसीदास, मीराबाई, सूरदास, गालिब आणि रवींद्रनाथ यांचा.

रंगांचे हे कारण आपल्यापुरतेच नव्हते याचा पुरावा अमेरिकेत मिळतो. युद्धकाळात, १९४३-४४ मध्ये, शत्रूने व्यापलेल्या तेरा देशांच्या ध्वजांची तिकिटे अमेरिकेने काढली, ती सरकारी छापखान्यात अनेक रंग एकत्र जमत नव्हते म्हणून एका खाजगी कंपनीकडून छापून घ्यावी लागली. १९५७ साली त्यांच्याकडे एकाच वेळी अनेक शाया घेणारे जिओरी यंत्र आले आणि त्या यंत्रावरचे पहिले तिकीट अमेरिकेचा ध्वजच होते, ४ जुलै १९५७ चे. १९६३ साली व्हाइट हाउसवरील ध्वजाचे तिकीट नित्याच्या वापरात आले आणि तेव्हापासून त्या देशात ध्वज हे रोजच्या पत्राचे अगदी सवयीचे चित्र झाले आहे. विजेचे बिल भरायचे असो की मावशीला पत्र घालायचे असो, ध्वज चिकटवायचा. यंत्र आले आणि सणाचा पोशाख रोजचा सदरा झाला.

परंतु आपल्याकडे यंत्रे सुधारल्यावरही मनाला एक अडचण राहतेच, आणि ते दुसरे कारण. तिकीट जिभेने ओले करतात, अंगठ्याने दाबतात आणि पोस्टात त्यावर काळा शिक्का मारतात. शिक्का न मारलेले तिकीट पुन्हा वापरता येते, म्हणून तो मारलाच पाहिजे. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानास प्रतिबंध करणारा १९७१ चा कायदा वाचला तर त्यात ध्वज या शब्दाखाली ध्वजाचे चित्रही येते आणि ध्वज विद्रूप करणे हा गुन्हा आहे. मग टपालाचा शिक्का? काहींना तो प्रश्न विनोदी वाटेल. मला वाटते की अवमान हेतूत असतो, शाईत नसतो. पत्र पोहोचवणाऱ्या शिक्क्याने ध्वज मळत नाही, उलट तो कामाला आलेला असतो. बोटीवरचा ध्वजही खाऱ्या वाऱ्याने विटतोच. तरी अशा कारणाने कोणी तिकिटावर ध्वज नको म्हणाला असेल तर त्याला मी हसणार नाही. ज्यांनी हा ध्वज हातात धरून लाठ्या खाल्ल्या, त्यांना तो रोज लाखो टेबलांवर ठोकला जाताना पाहणे जड गेले असते.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी जुन्या पेट्या, ट्रंका असतील. त्यांत नोव्हेंबर १९४७ नंतरचे, विशेषतः परदेशाशी संबंध असलेले एखादे पाकीट सापडले तर एवढे करावे. तिकीट पाण्यात भिजवून सोडवू नये. सुटे तिकीट पुष्कळांकडे असते. पाकिटावर तिकिटाबरोबर शिक्का असतो, शिक्क्यात गाव आणि तारीख असते, पत्ता कुठला ते दिसते आणि साडेतीन आणे पुरले की आणखी राजाची तिकिटे शेजारी लावावी लागली हेही दिसते. काही पाकिटांवर तिरंगा आणि सहावे जॉर्ज एकाच रांगेत, एकाच शिक्क्याखाली असतील. असे पाकीट कोणास मिळाले तर ते मला एकदा पाहावयाचे आहे. इतिहास विभागात कळवावे, मी घरी येऊन पाहीन, नेणार नाही.